नाकारलेल्या पन्नास जणांची गोष्ट

जून महिन्यात नवा वर्ग हाती आला की पहिल्या आठवड्यातच आपल्या मनात एक यादी तयार होऊ लागते. हा मुलगा चमकणार, ही मुलगी जेमतेम पास होणार, कोपऱ्यातल्या त्या दोघांचे काही खरे नाही. ही यादी कागदावर नसते, पण असते. एप्रिलमध्ये ती किती खरी ठरली हे आपण ताडून पाहतो का? बहुधा नाही. खरी ठरलेली भाकिते आपल्या लक्षात राहतात आणि चुकलेली आपण सोयीस्करपणे विसरून जातो.

असाच प्रश्न वैद्यकीय शिक्षणाला शंभराहून अधिक वर्षे छळत आला आहे. डॉक्टरकीची पदवी मिळाली की पुढच्या शिक्षणासाठी तरुण डॉक्टर मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर म्हणून रुजू होतो. रात्री दोन वाजता अपघातात सापडलेला माणूस सरकारी रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याच्याजवळ सर्वांत आधी पोचतो तो हा निवासी डॉक्टर. त्याची निवड चुकली तर किंमत रुग्ण मोजतो. मग निवड करताना, ‘हा पुढच्या वर्षी कसे काम करील’ हे आधी सांगता येते का? या प्रश्नाचा इतिहास आपल्या पेशालाही बरेच काही शिकवून जातो.

रुग्णालयात राहणारे डॉक्टर

‘निवासी’ हा शब्द अगदी शब्दशः खरा होता. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात १८८९ साली जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय सुरू झाले. तेथे औषधवैद्यक विभागात विल्यम ऑस्लर आणि शस्त्रक्रिया विभागात विल्यम हॉलस्टेड यांनी पदवीनंतरच्या प्रशिक्षणाची जी घडी बसवली, तीच पुढे जगभर पसरली. हे तरुण डॉक्टर रुग्णालयातच राहत, म्हणून ते ‘रेसिडेंट’.

हॉलस्टेडची पद्धत पिरॅमिडसारखी होती. तळाशी अनेक जण घेतले जात, वर्षागणिक त्यांतले काही गळत आणि शिखरावर एकच मुख्य निवासी उरे. प्रशिक्षण किती वर्षांचे, हेही ठरलेले नसे. गुरूला वाटेल तेव्हा ते संपे. तीसहून अधिक वर्षांत हॉलस्टेडच्या हाताखाली अशा शिखरावर पोचलेले शल्यचिकित्सक होते फक्त १७.

ही पद्धत कठोर होती आणि गळालेल्यांवर अन्याय करणारीही होती. पण एक गोष्ट लक्षात घ्या. येथे भाकीत करावे लागत नव्हते. माणूस वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर काम करत होता, त्यावरून निवड होत होती. १९४० च्या आसपास बॉस्टनमध्ये एडवर्ड चर्चिल या शल्यचिकित्सकाने पिरॅमिडऐवजी ‘आयता’ची कल्पना पुढे आणली. जितके घ्यायचे तितके सगळे पूर्ण शिकवून बाहेर काढायचे. ही रीत अधिक माणुसकीची होती आणि हळूहळू तीच रूढ झाली. मात्र तिच्यामुळे सगळा भार दारावर आला. आत घेतलेला शेवटपर्यंत राहणार, म्हणून दारातच अचूक ओळखायला हवे.

बारा वाजून एक मिनिटाची तार

दारावर प्रत्यक्षात काय चालले होते? तर पळापळ. अमेरिकेत इंटर्नच्या जागा जास्त होत्या आणि पदवीधर कमी. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने पळवू नये म्हणून रुग्णालये आपापल्या नेमणुका आधी, आणखी आधी करू लागली. १९४४ पर्यंत ही शर्यत इतकी मागे सरकली की विद्यार्थी चार वर्षांच्या वैद्यकीय शिक्षणातील तिसऱ्या वर्षात पाऊल टाकतो न टाकतो, तोच त्याची जागा ठरून जाई. म्हणजे कामाला लागण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधी! त्याने अजून रुग्ण नीट तपासलेलाही नसे. आठवीतल्या मुलाच्या चाचणीवरून त्याची दहावीनंतरची शाखा ठरवण्यासारखेच हे.

१९४५ साली वैद्यकीय महाविद्यालयांनी ठरवले की ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची गुणपत्रके आणि शिफारसपत्रे कोणालाच द्यायची नाहीत. नेमणुका मागे सरकणे थांबले, पण गोंधळ दुसरीकडून सुरू झाला. रुग्णालयाने जागा देऊ केल्यावर विद्यार्थ्याला विचार करायला किती वेळ द्यायचा? १९४५ मध्ये तो दहा दिवस होता आणि मग वर्षागणिक कमी होत गेला. १९४९ मध्ये सूचना आली ती अशी : रात्री १२ वाजून १ मिनिटाने तार करावी आणि विद्यार्थ्याने त्याच दिवशी दुपारी १२ पर्यंत उत्तर द्यावे. रुग्णालयांच्या संघटनेने ती फेटाळली. कारण काय, तर बारा तास फार झाले!

शेवटी १९५२ मध्ये एक मध्यवर्ती व्यवस्था आली. विद्यार्थ्यांनी आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहायची, रुग्णालयांनी विद्यार्थी क्रमाने लिहायचे आणि दोन्ही याद्या जुळवून जागा ठरवायच्या. दहा वर्षांनी, १९६२ मध्ये, डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या गणितज्ञांनी अशा जुळवणीचे गणित स्वतंत्रपणे मांडले. त्यात एकमेकांना अधिक पसंत असूनही वेगळी पडलेली विद्यार्थी-रुग्णालयाची एकही जोडी उरत नाही. पुढे ॲल्विन रॉथ यांनी दाखवून दिले की डॉक्टरांनी मुळात तीच युक्ती शोधली होती. रॉथ आणि शॅप्ले यांना २०१२ चा अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

पळापळ थांबली. पण रुग्णालयाने आपल्या यादीत कोणाला पहिला आणि कोणाला विसावा क्रमांक द्यावा, हा मूळ प्रश्न होता तेथेच राहिला. जुळवणी कितीही चोख असली तरी तिच्यात घातलेली यादीच चुकीची असेल तर?

एक रुग्ण, दोन परीक्षक

यादी करणाऱ्यांचा भरवसा होता तो स्वतःच्या अनुभवी नजरेवर. या नजरेची पहिली मोठी झडती एका परीक्षेत झाली. अमेरिकेतील डॉक्टरांची राष्ट्रीय परीक्षा घेणारे मंडळ १९१५ साली स्थापन झाले. त्याच्या परीक्षेत उमेदवाराला खाटेजवळ उभे करून रुग्ण तपासायला लावत आणि परीक्षक गुण देत. आपल्या प्रात्यक्षिक परीक्षेसारखेच. मंडळाने तीन वर्षांतल्या दहा हजारांहून अधिक अशा परीक्षांची आकडेमोड केली. एकाच उमेदवाराला दोन परीक्षकांनी वेगवेगळे दिलेले गुण एकमेकांशी जवळजवळ जुळतच नव्हते. १९६० च्या दशकात मंडळाने ती परीक्षाच बंद केली.

परीक्षक अनुभवी होते, प्रामाणिकही होते. मग असे का व्हावे? प्रत्येक उमेदवाराच्या वाट्याला वेगळा रुग्ण, वेगळा आजार, वेगळा परीक्षक आणि फारच थोडा वेळ येत होता. ज्याला हृदयाचे ठोके नीट ऐकता येतात, त्याला पोटाचा आजार ओळखता येईलच असे नाही. एका नमुन्यावरून सगळ्या माणसाचे मोजमाप चालले होते.

तरीही निवडीसाठी मुलाखत सुरूच राहिली. तिच्याविषयी शंका घ्यावी असा पुरावाच दिसत नव्हता. निवडलेले विद्यार्थी बहुतेक चांगले डॉक्टर होत. मग निवड चांगलीच म्हणायची! यात एक खाच आहे. आपण ज्यांना नाकारले ते कसे झाले असते, हे निवड करणाऱ्याला कधी दिसतच नाही. ते निघून गेलेले असतात. शेतकऱ्याने निवडून पेरलेले बियाणे छान उगवले, एवढ्यावरून बाजूला टाकलेले उगवले नसते असे कसे म्हणावे? तेही पेरून पाहायला हवे. पण नाकारलेल्या विद्यार्थ्यांना मुद्दाम प्रवेश देऊन पाहायला कोण धजेल?

ह्यूस्टनमध्ये काय घडले

तो प्रयोग कोणी न ठरवता १९७९ साली घडला. टेक्सास राज्यात ह्यूस्टन येथे विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्या वर्षी तेथे सुमारे ८०० अर्जदारांच्या मुलाखती झाल्या, समितीने त्यांना क्रम दिले आणि वरच्या मंडळींतून १५० जणांचा वर्ग भरला. प्रवेश संपत आले असताना राज्याच्या विधिमंडळाने फर्मान काढले : डॉक्टर कमी पडतात, वर्ग २०० चा करा.

आणखी ५० विद्यार्थी आणायचे कोठून? यादीच्या वरच्या भागातले बहुतेक जण एव्हाना दुसरीकडे गेले होते. उरले होते ते तळाचे, ७०० ते ८०० या क्रमांकांच्या आसपासचे. समितीने ज्यांना ‘नको’ म्हटले होते तेच. नाइलाजाने त्यांतून ५० जण घेतले गेले.

पुढे त्या महाविद्यालयातील डीव्हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन गटांचा माग काढला. वर्ग मध्येच सोडणारे किती, पहिल्या वर्षांचे विषय कसे जमले, रुग्णांबरोबरचे काम कसे झाले आणि पदवीनंतर प्रशिक्षणाचे पहिले वर्ष कसे गेले, हे सारे त्यांनी तपासले. निष्कर्ष १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी निवडलेले आणि आधी नाकारलेले यांच्यात सांगण्याजोगा फरक कोठेच नव्हता.

मग समितीला सुरुवातीला त्यांच्यात एवढा फरक दिसला तो कशात? संशोधकांनी हेही पाहिले. गुण, पार्श्वभूमी अशा कागदावरच्या नोंदींनी त्या फरकाचा चौथा हिस्सा जेमतेम उलगडत होता. उरलेला सगळा फरक मुलाखत घेणाऱ्यांच्या मतातून आला होता. त्या मताचा पुढच्या पाच वर्षांतल्या कामाशी काही संबंध लागला नाही.

यातून काय निघते आणि काय निघत नाही

‘कोणालाही घेतले तरी चालते’ असा अर्थ कोणी काढील, तर तो चूक ठरेल. ह्यूस्टनला दोन हजारांहून अधिक अर्ज आले होते. त्यांतून ८०० जणांना मुलाखतीला बोलावले, तेव्हाच एक मोठी चाळणी लागली होती. तळाचे पन्नासही त्या चाळणीतून पार झालेले होते.

एक साधे उदाहरण घेऊ. शाळेतल्या सगळ्या मुलांमध्ये उंची आणि व्हॉलीबॉलचा खेळ यांचा संबंध दिसेल. पण आंतरशालेय स्पर्धेसाठी निवडलेल्या बारा उंच मुलांमध्ये उंचीवरून सर्वोत्तम खेळाडू ओळखू पाहाल तर फसाल. तेथे सगळेच उंच असतात. आता निकाल ठरतो तो सराव, चपळाई, संघभावना अशा ज्या गोष्टी आपण मोजल्याच नाहीत त्यांवर. म्हणजे ‘पात्र की अपात्र’ हे ठरवायला चाळणी कामाची असते, पण पात्र असलेल्यांत ‘पहिला कोण आणि आठशेवा कोण’ हे सांगायला तीच चाळणी उपयोगी पडत नाही. आपण मात्र तिच्याकडून दोन्ही कामे करून घेतो.

लेखी परीक्षेलाही हे लागू पडते. अमेरिकेत १९९२ पासून सुरू झालेल्या परवाना परीक्षेचा पहिला टप्पा केवळ उत्तीर्ण की अनुत्तीर्ण हे ठरवण्यासाठी होता. पण तिचे गुण तीन अंकी छापलेले असत आणि आकडा दिसला की माणसाला क्रम लावण्याचा मोह होतो. निवासी डॉक्टर निवडणाऱ्यांनी त्याच गुणांवर अर्ज चाळायला सुरुवात केली. या गुणांवरून पुढच्या लेखी परीक्षांचे गुण बऱ्यापैकी सांगता येतात. हाताने करायच्या कामातले कौशल्य मात्र त्यांवरून कळत नाही, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले. अखेर जानेवारी २०२२ पासून त्या टप्प्याचे गुण देणे बंद झाले. आता निकाल लागतो तो उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण, एवढाच.

यंत्राकडे सोपवले तर?

माणसाची नजर अशी डळमळीत असेल तर निवड यंत्रावर का सोपवू नये? हेही होऊन गेले आहे. लंडनमधील सेंट जॉर्जेस वैद्यकीय महाविद्यालयात १९७० च्या दशकाच्या अखेरीस एक संगणक कार्यक्रम लिहिला गेला. अर्जदारांतून मुलाखतीला कोणाला बोलवायचे, हे त्याने ठरवायचे होते. समितीचे आधीचे निर्णय अभ्यासून तो बेतला होता आणि समितीच्या मताशी त्याचे मत ९० ते ९५ टक्के वेळा जुळे. सगळे खूश झाले. १९८८ मध्ये चौकशीचा अहवाल आला तेव्हा कळले की स्त्रियांचे आणि ज्यांची नावे युरोपीय वाटत नाहीत अशांचे गुण तो कापत होता. त्यापायी वर्षाला साठपर्यंत अर्जदारांना मुलाखतच नाकारली गेली असावी.

यंत्राने नवा अन्याय शोधून काढला नव्हता. समितीच्या मनात जे होते तेच त्याने मुकाट्याने गिरवले. त्यालाही नाकारलेल्यांचे पुढे काय झाले ते शिकवलेले नव्हते. त्याने पाहिले होते ते फक्त समितीचे हो आणि नाही. आज नोकरीचे अर्ज चाळायला संगणक सर्रास वापरले जात असताना ही जुनी गोष्ट आठवणे बरे.

एका मोठ्या मुलाखतीऐवजी दहा छोट्या

सुधारणेची एक वाट सैन्यातून निघाली. १९५५ साली इस्राएलच्या सैन्यात डॅनिएल कानेमान नावाचा एकवीस वर्षांचा तरुण होता. मानसशास्त्रातली पदवी एवढीच त्याची शिदोरी. पुढे २००२ मध्ये त्यालाच अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. नव्या सैनिकांच्या मुलाखतींवरून त्यांच्या पुढच्या कामाचा अंदाज लागत नव्हता. कानेमानने सहा गुणविशेष ठरवले. प्रत्येकासाठी पूर्वायुष्यातल्या प्रत्यक्ष घटनांविषयी ठरावीक प्रश्न विचारायचे आणि एकाचे गुण देऊन झाल्यावरच दुसऱ्याकडे वळायचे. म्हणजे पहिल्या मताचा रंग पुढच्या मतांना लागत नाही. मुलाखत घेणारे चिडले. आम्हाला यंत्र करता का, म्हणाले. पण अंदाज आधीपेक्षा पुष्कळ सुधारले.

कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाने ही वाट आणखी पुढे नेली. त्यांची पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. एका खोलीतली एक लांब मुलाखत काढून टाकून त्यांनी दहा ठिकाणी आठ-आठ मिनिटांच्या दहा मुलाखती ठेवल्या. प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक आणि वेगळा प्रसंग. कोठे चिडलेल्या माणसाची समजूत घाला, कोठे एखाद्या नैतिक पेचावर बोला. एका परीक्षकाचा राग-लोभ दहांत विरघळून जातो आणि एका प्रसंगात अडखळलेल्या उमेदवाराला आणखी नऊ संधी मिळतात. वेळ मात्र फारसा वाढत नाही. पुढे निवासी डॉक्टरांच्या निवडीसाठीही ही रीत वापरली गेली.

मॅकमास्टरच्या लोकांचे खरे कौतुक पुढच्या कामासाठी करायला हवे. आपण नाकारलेले पण कॅनडात इतरत्र प्रवेश मिळालेले विद्यार्थी त्यांनी शोधले आणि राष्ट्रीय परवाना परीक्षांतले त्यांचे गुण आपल्या विद्यार्थ्यांच्या गुणांशी ताडून पाहिले. या परीक्षांचा दुसरा भाग त्या काळी निवासी प्रशिक्षण सुरू झाल्यावर देता येत असे. २०१२ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. निवडलेले दोन्ही भागांत पुढे होते. फरक लहान होता, पण होता. ह्यूस्टनमध्ये विधिमंडळाने नकळत उघडलेली खिडकी येथे लोकांनी स्वतःहून उघडली होती.

आपल्याकडे

आपल्या देशात मुलाखतीविषयीचा अविश्वास न्यायालयातही पोचला. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात लेखी परीक्षेला १०० आणि तोंडी परीक्षेला ५० गुण होते. तोंडी परीक्षा दोन-तीन मिनिटांत उरके. नोव्हेंबर १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अजय हासिया खटल्यात सांगितले की अशा प्रवेशांत मुलाखतीला एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून अधिक वजन देणे मनमानीचे ठरेल.

वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशासाठी तर मुलाखत नाहीच. एम्ससारख्या काही राष्ट्रीय संस्था सोडल्या तर ‘नीट-पीजी’ ही एकच परीक्षा. पर्याय निवडायचे २०० प्रश्न, ८०० गुण. ओळख, वशिला, आडनाव यांना त्यात शिरकाव नाही. आपल्या समाजात ही लहानसहान गोष्ट नव्हे. पण एक-दोन प्रश्नांच्या फरकाने हजारो क्रमांक खाली-वर होतात आणि त्या क्रमांकावर शल्यचिकित्सक कोण आणि बालरोगतज्ज्ञ कोण हे ठरते. दुसऱ्या टोकाला, जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून २०२३ मध्ये पात्रतेची रेषा शून्य पर्सेंटाइलवर आणली गेली. जेथे रेषा उपयोगाची असते तेथे ती पुसायची आणि जेथे तिला अर्थ उरत नाही तेथे क्रमांक मात्र केसाएवढ्या फरकाने मोजायचे, असे हे उलटे झाले आहे.

एक लखोटा

हा लेख वाचून वर्गात एक प्रयोग करता येईल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक विद्यार्थ्याविषयीचा आपला अंदाज कागदावर लिहा. कोणाचे गणित सुधारेल, कोण मागे पडेल, कोण जबाबदारी घेईल. लखोटा बंद करून कपाटात ठेवा. मुलांना आणि सहकाऱ्यांना त्यातले काही सांगू नका, कारण सांगितलेला अंदाज स्वतःच स्वतःला खरा करू पाहतो. एप्रिलमध्ये लखोटा उघडा. किती बरोबर आले याच्या आधी, कोणाविषयी चुकलो, ते मोजा. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हाच प्रयोग क्रिकेटच्या सामन्यांवर करायला द्या. सहसंबंध म्हणजे काय हे त्यांना आपसूक कळेल.

आणि वक्तृत्वासाठी, वर्गप्रतिनिधीसाठी किंवा विज्ञान प्रदर्शनासाठी एखाद्याला पाच मिनिटांत नाकारताना ह्यूस्टनचे ते पन्नास जण आठवावेत. विधिमंडळाचा ठराव काही महिने उशिरा आला असता, तर त्यांतल्या बहुतेकांना त्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयाचे दार दिसले नसते. आणि समितीला आपण चुकलो हे कधीच कळले नसते.